चिंगीच्या अस्थींसाठी मातीचा कलश: माप, झाकण आणि भट्टी यांबद्दल सल्ला हवा आहे

ओलीमाती

आमची कुत्री चिंगी जाऊन आता अडीच महिने झाले. सोसायटीच्या फाटकापाशी पावसात भिजलेले ते पिल्लू घरात आणले तेव्हा माझ्या दोन ओंजळींत मावत होते. शेवटी तिचे वजन 18 किलो होते. दहनानंतर तिच्या अस्थी आणि रक्षा लाल कापडाच्या पुरचुंडीत बांधून मिळाल्या. नदीत विसर्जन करायला घरातले कोणीच तयार नव्हते, कारण तिला पाण्याची फार भीती वाटत असे. म्हणून ती पुरचुंडी आम्ही स्टीलच्या डब्यात घालून पुस्तकांच्या कपाटात ठेवली. तो डबा पूर्वी तूरडाळीचा होता, आणि रोज कपाट उघडले की मला ते खुपते.

गेली चार वर्षे मी पुण्यातल्या एका स्टुडिओत चाकावर भांडी करायला शिकते आहे, त्यामुळे कलश स्वतःच्या हाताने करायचा हे ठरायला वेळ लागला नाही. पहिला कलश मात्र चुकला. तो कसा चुकला हे आधी सांगते, कारण ही चूक माझ्यासारखा कोणीही करू शकेल.

पुरचुंडी न सोडता तिचे आकारमान मोजण्यासाठी मी एक सरळ कडांचा डबा घेतला, पुरचुंडी त्यात हलकेच दाबून बसवली आणि ती जिथवर आली तिथे खूण केली. मग पुरचुंडी काढून त्या खुणेपर्यंत पाणी भरले आणि ते मापाच्या भांड्यात ओतून पाहिले. ते 690 मिलिलिटर भरले. आमची स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट होणारी) माती ओल्या अवस्थेपासून शेवटच्या भाजणीपर्यंत 12 टक्के आक्रसते, हे मला ठाऊक होते. म्हणून 690 मध्ये 12 टक्के मिळवून, वर थोडी मोकळीक ठेवून, मी 900 मिलिलिटरचे भांडे चाकावर घडवले. दोन्ही भाजण्या (एक कच्च्या भांड्याची, दुसरी ग्लेझ म्हणजे काचेसारखा लेप दिल्यावरची) होऊन भांडे हातात आले तेव्हा त्यात पाणी ओतून पाहिले, तर ते 613 मिलिलिटरवरच काठोकाठ भरले. पुरचुंडी अर्धी आत गेली आणि अडकली. मी ती बाहेर काढली आणि बराच वेळ तशीच हातात धरून बसले.

घरी येऊन पुन्हा आकडेमोड केली तेव्हा चूक सापडली. 12 टक्के हे लांबीचे आक्रसणे आहे. भांडे उंचीत, लांबीत आणि रुंदीत, तिन्ही दिशांनी 12 टक्के कमी होते, म्हणजे 0.88 ला 0.88 ने दोनदा गुणायचे, त्याचे उत्तर 0.68 येते. ओल्या भांड्याच्या आकारमानाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग भट्टीत नाहीसा होतो. आता मला भाजल्यावर 850 मिलिलिटर हवे असतील, तर ओले भांडे 1,250 मिलिलिटरचे घडवावे लागेल. आतून साडेअकरा सेंटीमीटर व्यास आणि 12 सेंटीमीटर उंची धरली की ते माप बरोबर जमते.

दुसरा कलश करायला बसण्यापूर्वी जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. झाकण घट्ट बसावे, पण चिकटू नये, यासाठी काय करावे? पावसाळ्यात आतल्या रक्षेला ओल धरू नये म्हणून ग्लेझ आतूनही द्यावे का? आणि तिच्या रक्षेतली चिमूटभर रक्षा ग्लेझमध्ये मिसळावी अशी माझ्या मुलीची फार इच्छा आहे. ते शक्य आणि योग्य आहे का?

सोनचाफा

मनापासून सहवेदना. आमचा बोका मागच्या वर्षी गेला, त्याच्या अस्थी आम्ही तांब्याच्या लहान गडव्यात ठेवल्या आहेत. मातीकामातले मला काही कळत नाही, परंतु डाळीच्या डब्याबद्दल जे लिहिले आहे ते अगदी पोहोचले.

भट्टीपाशी

ओलीमाती, तुम्ही हिशेब मांडून दाखवलात हे फार चांगले केलेत. माझ्या भट्टीवर भाजायला येणाऱ्या कलशांपैकी लहान पडलेले कलश याच एका चुकीपायी लहान पडलेले असतात. त्यात एक भर घालतो. पिशवीवर छापलेल्या 12 टक्क्यांवर विसंबून राहू नका. त्याच मातीची एक पट्टी लाटा, तिच्यावर सुईने बरोबर 10 सेंटीमीटरची रेघ ओढा, आणि कलश ज्या तापमानाला भाजणार त्याच तापमानाला ती पट्टी भाजून रेघ पुन्हा मोजा. रेघ 8.8 सेंटीमीटर भरली तर 12 टक्के खरे. 8.7 भरली तर तुमचा सारा हिशेब बदलतो. एकच माती 1200 अंशांना आणि 1240 अंशांना सारखी आक्रसत नाही.

आता झाकणाबद्दल. माझ्या मते कलशाचे खरे काम झाकणातच असते, बाकीचे भांडे कोणीही करील. झाकण आणि भांडे एकाच दिवशी, एकाच मातीच्या गोळ्यातून, सारख्याच ओलेपणाच्या मातीचे करावे. भांड्याच्या तोंडाशी आतल्या बाजूने झाकण टेकायला पायरी काढायची. पायरी काढताना बोटाने कड थोडी जाड ठेवा आणि लाकडी पट्टीच्या कोपऱ्याने तिचा अर्धा भाग खाली दाबा. लगेच कॅलिपरने (व्यास मोजायच्या चिमट्याने) आतले माप घ्या, कॅलिपर त्याच मापावर घट्ट करून बाजूला ठेवा आणि त्यावरूनच झाकण घडवा. झाकण पायरीपेक्षा साधारण दीड ते दोन मिलिमीटर लहान असू द्यावे, कारण ग्लेझचीही जाडी असते.

नंतरची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. झाकण भांड्यावर बसवूनच दोन्ही वाळवायचे आणि दोन्ही भाजण्याही तशाच द्यायच्या. झाकण वेगळे वाळले की भांड्याचे तोंड अंडाकृती होते, आणि मग ते झाकण एकाच बाजूने बसते. दुसऱ्या भाजणीत चिकटू नये म्हणून जिथे झाकण आणि पायरी एकमेकांना टेकतात तो सगळा भाग ग्लेझमुक्त ठेवावा, त्याच्या दोन्ही बाजूंना तीन मिलिमीटर जागा सोडावी, आणि त्या जागेवर मेणात मिसळलेल्या ॲल्युमिना हायड्रेटचा हात फिरवावा. मेण जळून जाते, ॲल्युमिना पांढऱ्या पुडीसारखे मागे राहते आणि माती मातीला चिकटू देत नाही. भट्टी निवल्यावर झाकण अडलेच, तर ओढू नका. लाकडी चमच्याच्या दांड्याने कडेवर गोल फिरत हलकेच टिचक्या मारा, बहुतेक वेळा ते सुटते.

ओलीबद्दल सांगायचे तर, भांडे 1220 ते 1240 अंशांपर्यंत नीट भाजले गेले असेल तर ती माती स्वतःच दगडासारखी घट्ट होते आणि पाणी फारसे शोषत नाही. तरीही आतून ग्लेझ द्या. रक्षेत क्षार असतात आणि ते हवेतला ओलावा ओढतात. भाजून झाल्यावर कलशात पाणी भरून तो रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा, सकाळी कागदावर ओलसर वर्तुळ उमटले असेल तर तो कलश अस्थींसाठी वापरू नका. लाल मातीचे, आव्यात भाजलेले गाडगे दिसायला कितीही सुंदर असले तरी ते पाणी पिते. माठातले पाणी गार होते ते त्याच गुणामुळे, आणि कलशाला तोच गुण बाधतो.

काचमणी

मी रसायनशास्त्र शिकवते आणि सुट्ट्यांमध्ये ग्लेझच्या चाचण्या करते, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते.

दहनानंतर उरते ते मुख्यतः हाडांमधले कॅल्शियम फॉस्फेट असते. सेंद्रिय भाग जळून गेलेला असतो, त्यामुळे तेच द्रव्य पुन्हा 1230 अंशांना नेले तरी ते उडून जात नाही, ग्लेझच्या काचेत सामावते. मातीकामाला हाडांची राख काही नवी नाही. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट येथे अठराव्या शतकाच्या अखेरीस जोसाया स्पोड याने बोन चायनाची जी कृती बसवली, तिच्यात जवळपास निम्मा भाग गुरांच्या हाडांच्या राखेचा असतो. त्या कपबश्यांमधून प्रकाश आरपार दिसतो, तो त्या राखेमुळेच.

तुमच्या मुलीची इच्छा नक्की पुरी होऊ शकेल, मात्र प्रमाण लहान ठेवा. 100 ग्रॅम कोरड्या ग्लेझमागे दोन ते तीन ग्रॅम रक्षा पुरेशी आहे. फॉस्फेटमुळे ग्लेझ किंचित दुधाळ होते, पारदर्शक ग्लेझवर तो दुधाळपणा नीट दिसतो. प्रमाण वाढवले तर ग्लेझवर फोड आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे येतात. रक्षा खलात अगदी बारीक करावी लागते आणि 80 किंवा 100 नंबरच्या चाळणीतून गाळावी लागते. हे काम करताना तोंडावर चांगला मास्क असलाच पाहिजे आणि हातात मोजेही हवेत, कारण ती धूळ फुप्फुसांना बरी नाही आणि क्षारांमुळे हाताची त्वचा जळजळते. आधी हे मिश्रण चाचणीच्या लहान फरशीवर लावून भाजून पाहा. रक्षा परत मिळवता येत नाही, म्हणून चाचणीपुरती एक ग्रॅमच घ्या आणि ग्लेझही त्या मानाने 40 ग्रॅमच कालवा.

आणखी एक. अशी मिश्रणे केलेले ग्लेझ फक्त कलशाच्या बाहेरच्या बाजूसाठी वापरावे आणि ताटल्या-वाट्यांच्या ग्लेझच्या बादलीत त्याचा थेंबही जाऊ देऊ नये. तुमचा स्टुडिओ सामायिक आहे, तेव्हा तिथल्या सगळ्यांना आधी विचारा. कोणाच्या मनाला ते पटले नाही तर ते समजून घ्यायला हवे.

पशुवैद्य_सातारा

दहनाच्या तापमानाला रोगजंतू टिकत नाहीत, त्यामुळे रक्षा घरात ठेवल्याने किंवा हाताळल्याने आजार होईल अशी भीती कोणी बाळगू नये. ही शंका मला अनेक घरांमधून, विशेषतः लहान मुले असलेल्या घरांमधून, विचारली जाते.

आकारमानाचा एक ठोकताळा सांगतो. परदेशांत पौंडामागे एक घन इंच धरतात, आपल्या मापात ते किलोमागे सुमारे 36 मिलिलिटर होते. चिंगीच्या 18 किलोंना ते 648 येते. तुमचे माप 690 भरले, कारण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अस्थी दळून देत नाहीत, हाडांचे तुकडे तसेच असतात आणि त्यांच्यामध्ये पोकळी राहते. म्हणून आपल्याकडच्या लोकांनी ठोकताळ्यापेक्षा निदान चौथाई अधिक जागा धरावी, आणि शक्य असेल तर तुमच्यासारखे प्रत्यक्ष मोजावे.

ज्यांचा प्राणी अजून सोबत आहे पण आजारी आहे, त्यांना एक सुचवतो. पंजाचा ठसा आत्ताच घेऊन ठेवा. स्टॅम्प पॅडची पाण्याने धुतली जाणारी शाई चालते, आणि कागद पंजाखाली न सरकवता पुठ्ठ्यावर लावून पंजाला हलके टेकवावा, म्हणजे ठसा पसरत नाही. नंतर तो पंजा पुसून कोरडा करायला विसरू नका.

ओलीमाती

डॉक्टर, तिचा ठसा माझ्याकडे आहे. शेवटच्या आठवड्यात आमच्या दवाखान्यातल्या मदतनीस ताईंनी तो आपण होऊन घेऊन दिला होता. तो रुंदीला साडेसहा सेंटीमीटर आहे. कलशावर तो कोरावा असे मनात आहे, परंतु भाजल्यावर तो आक्रसून लहान पिल्लाच्या पंजाएवढा दिसेल अशी धास्ती वाटते.

भट्टीपाशी

तो साडेपाचच्या थोडा वर, म्हणजे 5.7 सेंटीमीटर होईल. त्यावर उपाय सोपा आहे. ठशाची झेरॉक्स 114 टक्के मोठी काढा. भाजल्यावर तो बरोबर मूळ मापाचा होतो. भांडे चामड्याइतके घट्ट झाले की तो कागद त्यावर टेकवून बोथट सुईने कड उमटवा, आतला भाग अर्धा मिलिमीटर खोल खरवडा आणि त्यात लोह ऑक्साइड घातलेली गडद घोटवणी (पाण्यात कालवलेली पातळ माती) ब्रशने भरा. ती दुसऱ्या दिवशी घट्ट झाली की धातूच्या पट्टीने वरची पातळी तासून घ्या. पंजा भांड्याच्या अंगातच बसलेला दिसतो, आणि वर लागलेल्या ग्लेझखाली तो कधी पुसला जात नाही.

घोडकाठ

मी कुंभारकामातला नाही, पण आमचे गाव शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आहे, आणि हा धागा वाचताना इनामगावची फार आठवण झाली. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केले. इ.स.पू. 1600 ते 700 च्या सुमाराची ती वस्ती आहे. तिथे लहान मुलांची दफने मोठ्या संख्येने सापडली, आणि त्यांची पद्धत अशी होती की दोन कुंभ आडवे ठेवून त्यांची तोंडे एकमेकांना भिडवायची, मूल त्यांच्या आत, आणि खड्डा राहत्या घराच्या जमिनीखालीच. त्या अस्थी नव्हत्या, देहच पुरलेले होते, तेव्हा तुमच्या कलशाशी त्याची थेट बरोबरी होत नाही हे मला मान्य आहे. तरीही आपले लहानगे घरापासून लांब जाऊ नये म्हणून आईबापांनी मातीच्या भांड्याचाच आधार घेतला, ही गोष्ट याच मातीत तीन हजार वर्षांपूर्वी घडलेली आहे. ज्यांना घरात अस्थी ठेवणे विचित्र वाटते त्यांना मी हे आवर्जून सांगतो.

बागेतली_वाट

आम्ही गोव्यात राहतो. आमच्या कुत्र्याच्या अस्थी आवारातल्या आंब्याखाली पुरायच्या आहेत, त्यामुळे आम्हाला टिकाऊ कलश नको, उलट काळाच्या ओघात मातीत मिसळून जाईल असे भांडे हवे आहे. डिचोलीकडे मिळणारे साधे लाल मातीचे मडके चालेल का?

भट्टीपाशी

चालेल, पण ते मिसळून जाणार नाही. एकदा 600 अंशांच्या पुढे भाजलेली माती पुन्हा चिखल होत नाही. खापरे जमिनीत हजारो वर्षे तशीच राहतात, हे घोडकाठ यांच्या इनामगावनेच दाखवले आहे. तुम्हाला विरघळणारे भांडे हवे असेल तर ते कच्चेच ठेवा, भाजू नका. पूर्ण वाळलेली कच्ची माती पाणी लागले की तासाभरात ढासळू लागते. ज्यांना विसर्जन करायचे आहे त्यांच्यासाठीही शाडूचा कच्चा कलश उत्तम, त्यावर रंग मात्र लावू नये. कच्चे भांडे ठिसूळ असते, म्हणून भिंत एक सेंटीमीटर जाड ठेवा आणि उचलताना काठाला न धरता दोन्ही तळहातांवर उचला.

झाडाबद्दल एक सूचना. सगळी रक्षा एकाच ठिकाणी थर देऊन पुरू नका. ती खारी आणि अल्कधर्मी असते, मुळांना सोसत नाही. भरपूर माती आणि शेणखत मिसळून, बुंध्यापासून थोड्या अंतरावर पुरा.

मांजरपाऊल

माझ्याकडे चाक नाही आणि भट्टीही नाही. मांजर चार किलोचे होते. मला हाताने काही करता येईल का?

ओलीमाती

नक्कीच येईल. चार किलोंना जेमतेम दीडशे मिलिलिटर, अधिक चौथाई मोकळीक, म्हणजे एका लहान संत्र्याएवढी पोकळी लागेल. मातीचा गोळा तळहातावर घेऊन अंगठ्याने मध्ये दाबत, फिरवत दोन वाट्या करा. त्यांच्या कडांवर सुईने आडव्याउभ्या रेघा मारून घोटवणी लावा आणि वाट्या एकमेकींवर जोडा. सांधा आतून दिसत नाही, म्हणून बाहेरून बोटाने माती दोन्हीकडे ओढून तो पक्का करा. घट्ट झाल्यावर वरच्या बाजूने तिरक्या सुरीने झाकण कापून घ्यायचे. सुरी तिरकी धरली की झाकण आपोआप आपल्या जागी बसते आणि आत घसरत नाही. भाजून देणारे स्टुडिओ मोठ्या शहरांत मिळतात, ते भांड्याच्या आकारावर पैसे घेतात. फक्त तुमची माती कोणत्या तापमानाची आहे हे त्यांना आधी सांगा, नाहीतर कमी तापमानाची माती 1230 अंशांना वितळून त्यांच्या भट्टीची फळी खराब होते.

पावसाळ्यात वाळवण्याची घाई करू नका. गालाला लावून पाहा. गार लागले तर आत अजून पाणी आहे. ते पाणी भट्टीत शंभर अंशांना वाफ होऊन भांडे फोडते. आमच्या स्टुडिओत पहिल्या भाजणीआधी भट्टी रात्रभर 80 ते 90 अंशांवरच ठेवतात.

ओलीमाती (पाच आठवड्यांनंतर)

दुसरा कलश काल भट्टीतून निघाला. भट्टी 90 अंशांवर आली तोवर मी स्टुडिओतच बसून होते, आणि तरीही आणखी दोन तास दार उघडले नाही. झाकण एका टिचकीत सुटले. आत 855 मिलिलिटर पाणी मावले, रात्रभर ठेवल्यावर कागद कोरडा होता. पंजा 6.5 सेंटीमीटर भरला. मी तो पट्टीने तीन वेळा मोजला.

रक्षेचे ग्लेझ आम्ही फक्त खांद्यावरच्या पट्ट्यात लावले आहे. सामायिक स्टुडिओतल्या सगळ्यांनी होकार दिला होता, तरी ते मी घरीच वेगळ्या भांड्यात कालवले. मुलीने मास्क लावून रक्षा खलली. खलताना ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. तो पट्टा पहाटेच्या धुक्यासारखा दुधाळ निघाला आहे, आणि त्यात एका जागी तीन बारीक छिद्रे आहेत. पुन्हा ग्लेझ देऊन भाजले तर ती बुजतील असे स्टुडिओतल्या बाईंनी सांगितले, पण मुलगी नको म्हणाली.

पुरचुंडी आत ठेवली तेव्हा वर दोन बोटे जागा उरली. त्या जागेत तिच्या गळ्यातला पट्टा गुंडाळी करून ठेवला.

दगडीजोते

हा धागा सुरुवातीपासून वाचत होतो, लिहायचे धाडस होत नव्हते. आमचा 14 किलोचा कुत्रा गेल्या महिन्यात गेला. हाताला कंप असल्यामुळे मला स्वतःला माती घडवता येणार नाही. तुमचा तो पहिला, लहान पडलेला कलश अजून आहे का? तो मला विकत मिळू शकेल का?

ओलीमाती

आहे, आणि विकत मुळीच नको. 14 किलोंना 504 मिलिलिटर होतात. चौथाई मोकळीक धरली तर 630, आणि कलश 613 चा आहे, म्हणजे जेमतेम बसेल. पुरचुंडी आधी मोजून घ्या. डबा आणि पाणी वापरून कसे मोजायचे ते वर लिहिलेच आहे. माप 580 च्या आत असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

त्याचे झाकण मात्र खुळखुळते, ते मी नवीन करीन. पायरीचे भाजलेले माप 7.2 सेंटीमीटर आहे. झाकण भाजल्यावर 7 सेंटीमीटर हवे, म्हणजे ओल्या मातीत ते 7.95 चे घडवावे लागेल. पंजाचा ठसा घेतलेला असेल तर तोही पाठवा, झाकणावर जागा आहे.